ड्रॅगन, प्रेम आणि दडवलेला इतिहास : ‘एम्पिरियन’ मालिकेची प्रस्तावना

‘एम्पिरियन’ ही अमेरिकन लेखिका रेबेका यारोस यांची कादंबरीमालिका आहे. ड्रॅगनवर स्वार होऊन लढणारे सैनिक घडवणारे एक विद्यालय, तिथे मनाविरुद्ध दाखल झालेली वीस वर्षांची व्हायोलेट सोरेनगेल आणि तिच्या घराण्याशी रक्ताचे वैर असलेला झेडन रायर्सन, एवढ्या साहित्यावर ती उभी आहे. मालिकेची योजना पाच खंडांची आहे. त्यांपैकी ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये, ‘आयर्न फ्लेम’ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये प्रकाशित झाला. तिसऱ्या खंडाच्या पहिल्याच आठवड्यात २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. प्रौढांसाठीच्या कादंबऱ्यांत गेल्या वीस वर्षांतील हा सर्वात वेगवान खप ठरल्याची नोंद अमेरिकी वृत्तपत्रांनी घेतली.

खपाचे आकडे मोठे असले तरी ही मालिका वाचण्याचे कारण त्यांच्यात नाही. ते कथेच्या रचनेत आहे. या कादंबऱ्यांत एक प्रेमकथा आहे आणि एक युद्धकथा आहे, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: सत्य कोणाला कळावे हे कोणी ठरवायचे, आणि जवळच्या माणसाने ते लपवले तर विश्वास कशावर ठेवायचा? राज्य प्रजेपासून, आई मुलीपासून, प्रियकर प्रेयसीपासून आणि ड्रॅगन आपल्या स्वारापासून काही ना काही दडवतात. ज्या मुलीचे सारे बालपण ग्रंथालयात कागद जपायला शिकण्यात गेले, तिला हे सगळे उकलावे लागते. हा धागा हाती धरला, तर चटकन वाचून बाजूला ठेवण्याजोगी वाटणारी ही मालिका बरीच खोल उतरते.

यारोस या लष्करी कुटुंबातल्या. आईवडील दोघेही अमेरिकी सैन्यात होते. पतीही सैन्यात वैमानिक होते आणि त्यांची सेवा वीस वर्षांहून अधिक झाली. कुटुंब कोलोरॅडो राज्यात राहते. ड्रॅगनकडे वळण्यापूर्वी यारोस यांनी डझनभराहून अधिक वास्तववादी प्रेमकादंबऱ्या लिहिल्या होत्या. २०१४ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फुल मेजर्स’ या कादंबरीची सुरुवातच अफगाणिस्तानात वडील मारले गेल्याची बातमी घरी येण्याने होते. युद्धावर गेलेल्या माणसाची वाट पाहणारे घर, दारात उभे राहिलेले गणवेशातले अधिकारी, मागे राहिलेल्यांनी दुःखातून पुन्हा संसार उभा करणे हे विषय त्यांच्या आधीच्या लेखनात सतत येतात. त्यामुळे ‘एम्पिरियन’मधील लष्करी जीवन केवळ नेपथ्यापुरते राहत नाही. हुकूम, हुद्दा, तुकडीतला जिव्हाळा, मेलेल्या सोबत्याचे सामान आवरणे या गोष्टी तिथे जवळच्या ओळखीच्या माणसाने लिहाव्यात तशा येतात.

ड्रॅगन आणि माणूस यांच्या नात्याला पाश्चात्त्य साहित्यात मोठा इतिहास आहे. युरोपीय पुराकथांत ड्रॅगन हा शत्रू असतो. सिगर्ड फाफ्निरला मारतो, सेंट जॉर्ज राजकन्येला सोडवण्यासाठी ड्रॅगनवर भाला चालवतो, बेओवुल्फ म्हातारपणी ड्रॅगनशी लढता लढता मरतो. १९३७ मध्ये टोल्किन यांनी ‘द हॉबिट’मध्ये रंगवलेला स्मॉगही सोन्याच्या राशीवर झोपणारा लोभी वैरी आहे. हे चित्र पालटवण्यात ॲन मॅकॅफ्री यांचा वाटा मोठा आहे. पर्न नावाच्या ग्रहावर घडणारी त्यांची ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली. तिच्यात अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू स्वतः आपला माणूस निवडते आणि त्या क्षणापासून दोघांची मने जोडली जातात. या कथामालेच्या आरंभीच्या लघुकादंबरीला ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि कथात्मक लेखनासाठी तो मिळवणाऱ्या मॅकॅफ्री या पहिल्या स्त्री ठरल्या. पुढे ख्रिस्तोफर पाओलिनी यांच्या ‘एरागॉन’ने किशोरवाचकांना आणि नेओमी नोव्हिक यांच्या २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘टेमेरेअर’ मालिकेने प्रौढांना ड्रॅगनस्वारांकडे ओढले. नोव्हिक यांनी तर नेपोलियनच्या युद्धांत ड्रॅगनचे हवाई दल उतरवले आणि बोलणाऱ्या, विचार करणाऱ्या प्राण्याला लढाईला जुंपण्याचा माणसाला अधिकार काय, हा प्रश्नही विचारला.

दुसरा प्रवाह प्रेमकथेचा. अद्भुतकथेत प्रेम पूर्वीपासून होतेच, पण बहुधा दुय्यम. गेल्या दशकात प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांना समान वजन देणाऱ्या कादंबऱ्यांचा स्वतंत्र वर्ग तयार झाला आणि त्याला ‘रोमँटसी’ हे नाव रूढ झाले. सारा जे. मास यांच्या २०१५ पासूनच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मालिकेने त्याची बाजारपेठ उभी केली. टिकटॉकवर पुस्तकांविषयी भरभरून बोलणाऱ्या तरुण वाचकांनी ती वाढवली. भारतात टिकटॉकवर २०२० पासून बंदी असल्याने ही लाट इथे इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरून आली. यारोस यांनी मॅकॅफ्री यांचे ड्रॅगन आणि मास यांची प्रेमकथा एका छावणीत आणली, आणि तिसरी गोष्ट जोडली ती लष्करी प्रशिक्षणाची.

मराठी वाचकाला हा प्रदेश पूर्ण परका नाही. मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळात अद्भुतरम्य कथांचा प्रवाह मोठा होता. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. संकटात सापडलेले प्रेमी, कपटी दरबारी, ताटातूट आणि पुनर्भेट ही त्या कादंबऱ्यांची सामग्री होती. वास्तववाद आल्यावर प्रौढ वाचकांसाठीचा हा प्रवाह मराठीत क्षीण झाला आणि अद्भुत बहुतांशी मुलांच्या पुस्तकांकडे गेले. ‘एम्पिरियन’ वाचताना प्रौढ अद्भुतरम्यतेची ती चव, आजच्या काळाच्या जाणिवांसह, परत मिळते.

कथा घडते ती नव्हार नावाच्या राज्यात. शेजारच्या पोरोमिएलशी त्याचे चारशेहून अधिक वर्षे युद्ध चालू आहे. नव्हारकडे ड्रॅगन आहेत, पोरोमिएलकडे ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेले प्राणी. नव्हारच्या सीमांवर जादूचे संरक्षक कवच आहे आणि ते ड्रॅगनच्या सामर्थ्यावर टिकून आहे. म्हणून राज्याचे सारे अस्तित्व ड्रॅगनस्वारांवर अवलंबून आहे. हे स्वार बॅसगायथ युद्ध महाविद्यालयात तयार होतात. महाविद्यालयाच्या चार शाखा आहेत: स्वार, लेखनिक, वैद्य आणि पायदळ. लेखनिक हे राज्याचे दस्तऐवज लिहितात, नकलतात आणि सांभाळतात. व्हायोलेटचे दिवंगत वडील लेखनिक होते, त्यांनी तिला त्याच वाटेसाठी घडवले होते आणि तिलाही तेच हवे होते. पण बॅसगायथची प्रमुख असलेली तिची आई, जनरल लिलिथ सोरेनगेल, तिला स्वारांच्या शाखेत जाण्याचा हुकूम देते. थोरला भाऊ ब्रेनन स्वार होता आणि तो बंडात मारला गेला. थोरली बहीण मिरा स्वार आहे. सोरेनगेल घराण्यातल्या मुलीने स्वारच व्हायचे, हा आईचा निर्णय.

स्वारांच्या शाखेत शिरण्याची पहिली परीक्षा म्हणजे एक दगडी कठडा. तो जेमतेम अठरा इंच रुंद आहे, खाली खोल दरी आहे, धरायला काही नाही, आणि त्या दिवशी वाराही आहे आणि पाऊसही. यारोस यांच्या लेखनाचे बळ या एका प्रसंगात पाहता येते. निघण्यापूर्वी मिरा धाकट्या बहिणीची जड पिशवी रिकामी करून पुन्हा भरते, तिच्या पायांत रबरी तळव्यांचे बूट चढवते आणि ड्रॅगनच्या खवल्यांचे चिलखत असलेली चोळी तिला देते. रांगेत उभी असताना व्हायोलेटला दिसते की, नुकतीच ओळख झालेल्या रियॅनन नावाच्या मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत आहेत. ती आपला एक बूट तिला देते आणि तिचा एक स्वतः घालते. दोघींच्याही एका पायाला तरी पकड मिळते. मग कठड्यावर पाऊल ठेवल्यावर भीती आवरण्यासाठी व्हायोलेट पाठ असलेली माहिती मोठ्याने म्हणू लागते: नव्हारचे प्रांत, सीमा, इतिहास. नायिकेचा स्वभाव, तिची विद्या, तिची माणुसकी आणि पुढे आयुष्यभर टिकणारी मैत्री हे सारे या थोड्याशा पानांत कृतीतून उभे राहते. शिवाय ती जो इतिहास म्हणून तोल सावरते, तोच पुढे किती अपुरा निघतो हे कळल्यावर या प्रसंगाला दुसरा अर्थ येतो.

कठडा ओलांडलेल्यांसाठी पुढे आणखी पायऱ्या असतात: रोजच्या द्वंद्वांचा सराव, डोंगरकड्यावरची अडथळ्यांची शर्यत आणि शेवटी ज्या दिवशी ड्रॅगन आपापले स्वार निवडतात तो दिवस. प्रत्येक टप्प्यावर मुले मरतात. रोज सकाळी संचलनासाठी सगळे उभे राहिले की लेखनिक येऊन मृतांची नावे वाचतो. एकदा वाचलेले नाव पुन्हा घेतले जात नाही आणि मृताचे सामान प्रथेप्रमाणे जाळले जाते. ही क्रूर पद्धत वाचकाला खटकते, आणि ती खटकावी अशीच तिची मांडणी आहे. स्वतःच्या मुलांना असे खर्ची घालणाऱ्या राज्याला नक्की कशाची भीती आहे, हा प्रश्न त्यातून पहिल्याच खंडात उभा राहतो.

यारोस यांचे ड्रॅगन पाळीव नाहीत आणि गोडही नाहीत. काळा, निळा, हिरवा, नारिंगी, तपकिरी, लाल असे त्यांचे रंग आहेत. शेपटीच्या टोकाला गदा, तलवार, खंजीर, विंचवाची नांगी किंवा काटेरी गोळा असतो आणि त्यावरून त्यांचे प्रकार पडतात. न आवडलेल्या उमेदवाराला ते जागच्या जागी जाळून टाकतात. त्यांचे स्वतःचे कायदे आहेत, स्वतःचे मंडळ आहे आणि मालिकेचे नाव त्या मंडळावरूनच आले आहे. निवड ड्रॅगन करतात, माणूस नाही. निवड झाली की दोघांची मने जोडली जातात. ड्रॅगनचे सामर्थ्य स्वारात उतरते आणि त्याच्या प्रकृतीनुसार त्यातून एक खास शक्ती प्रकट होते. कोणी सावल्यांना आकार देतो, कोणी विजेला बोलावतो.

मॅकॅफ्री यांच्याशी तुलना केली की यारोस यांनी काय बदलले ते लख्ख दिसते. पर्नवर स्वार मेला तर ड्रॅगनही जीव देतो. नव्हारमध्ये ड्रॅगन मेला तर स्वार मरतो, पण स्वार मेला तरी ड्रॅगन सहसा जगतो. पर्नचा ड्रॅगन माणसावर जीव ओवाळून टाकणारा सोबती आहे. बॅसगायथचा ड्रॅगन हा माणसाहून वयाने, बुद्धीने आणि बळाने थोर आहे, आणि माणूस त्याच्या आयुष्यातला एक लहानसा काळ आहे. त्यामुळे तो जिव्हाळा दाखवतो तेव्हा त्याची किंमत वाढते. तेर्न हा काळा, महाकाय, तिरसट ड्रॅगन आणि अँडार्ना ही सोनेरी, अल्लड, उत्सुक ड्रॅगनबाला हे मालिकेतील दोन सर्वात लोभस आवाज आहेत. तेर्नच्या फटकळ बोलण्यात दडलेली माया आणि अँडार्नाचा हट्टीपणा यांमुळे रक्तपाताच्या कथेत हसू येते, आणि पुढे काळजीही वाटू लागते.

व्हायोलेटचे शरीर हा मालिकेचा दुसरा मोठा विषय आहे. तिचे सांधे सहज निखळतात, हाडे लवकर मोडतात, उभे राहिल्यावर कधी भोवळ येते. कादंबरीत या व्याधीला नाव नाही. यारोस यांना स्वतःला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हा संयोजी ऊतींचा विकार आहे आणि नायिकेची लक्षणे त्यावरूनच घेतली आहेत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. या विकारात सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊती सैल असतात. बाहेरून धडधाकट दिसणारे माणूस सततच्या वेदनेत असते आणि त्यामुळे त्याच्यावर विश्वासही ठेवला जात नाही.

अद्भुतकथेत अशा नायिकेचे दुखणे जादूने नाहीसे करणे सोपे असते. यारोस यांनी ते टाळले आहे. व्हायोलेट रोज सकाळी गुडघे आणि खांदे पट्ट्यांनी आवळून बांधते. द्वंद्वात ताकदीने जिंकता येणार नाही हे ओळखून ती वडिलांकडून शिकलेल्या वनस्पतींच्या ज्ञानाचा उपयोग करते आणि प्रतिस्पर्ध्याला सामन्याआधीच थोडेसे विष चारते. कोणाशी लढायचे हे आधी कसे कळते? तर ब्रेननने मिरासाठी लिहिलेली एक वही मिराने तिला गुपचूप दिलेली असते, आणि जोड्या आधीच ठरतात हे त्या वहीत असते. नियमाप्रमाणे ती वही मृताच्या सामानासोबत जळायला हवी होती. मोठ्या ड्रॅगनच्या पाठीवर मांड्यांच्या बळाने टिकता येत नाही, म्हणून पुढे तिच्यासाठी खोगीर तयार होते. इतर स्वार खोगीर वापरत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला तिला ते कमीपणाचे वाटते. पण खोगीर लावल्यावर ती उडते, पडत नाही, आणि प्रश्न तिथेच संपतो. योग्य सोय मिळाली की क्षमता दिसते, ही गोष्ट भाषणाविना इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्या थोड्या आहेत. अपंगत्व असलेल्या अनेक वाचकांनी व्हायोलेटला आपले मानले ते यामुळे.

प्रेमकथा वैरातून सुरू होते. झेडनचे वडील टिरेंडॉर प्रांतातील बंडाचे नेते. बंड मोडून काढून त्यांना पकडण्यात व्हायोलेटच्या आईचा हात होता, आणि त्यांना मृत्युदंड झाला. ब्रेननच्या मृत्यूचे खापर त्याच बंडावर फुटलेले. बंडखोरांच्या मुलांच्या अंगावर ड्रॅगनने उमटवलेल्या खुणा आहेत आणि त्यांना सक्तीने स्वारांच्या शाखेत पाठवले गेले आहे. झेडन त्यांचा आधार आहे आणि चौथ्या विंगचा, म्हणजे स्वारांच्या चौथ्या दलाचा, प्रमुखही. व्हायोलेटला ठार करण्याची कारणे त्याच्याकडे आहेत, आणि त्याच्यावर अविश्वास ठेवण्याची कारणे तिच्याकडे. पण दोघांच्या ड्रॅगनचे एकमेकांशी जन्माचे नाते असल्यामुळे या दोघांना फार काळ दूर राहता येत नाही, आणि एकाचा मृत्यू दुसऱ्यालाही संकटात लोटू शकतो. शत्रूंना एकमेकांच्या सहवासात बांधून ठेवणे ही प्रेमकादंबरीची जुनी युक्ती आहे. इथे ती ड्रॅगनांच्या नियमातून आपसूक निघते, म्हणून जुळवून आणलेली वाटत नाही.

या नात्यातला खरा ताण आकर्षणाचा नाही, माहितीचा आहे. झेडनवर शंभराहून अधिक मुलांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्यामुळे त्याच्याजवळ अशी गुपिते आहेत जी फक्त त्याची नाहीत. व्हायोलेटचे म्हणणे साधे आहे: ज्याच्यावर प्रेम करायचे त्याने निदान आपल्याशी खरे बोलावे. तिने नेमके प्रश्न विचारावेत, मग तो उत्तरे देईल, हा झेडनचा तोडगा. कोणते प्रश्न विचारायचे हेच माहीत नसेल तर काय, हा तिचा प्रतिप्रश्न. दुसऱ्या खंडाचा बराच भाग या वादाने व्यापला आहे. काही वाचकांना तो लांबलेला वाटतो, पण मालिकेचा गाभा तिथेच आहे. दोघांचेही म्हणणे बरोबर असताना प्रेम कसे टिकवायचे, याचा विचार या जोडप्याइतका सविस्तर करणाऱ्या प्रेमकथा विरळ असतात.

राज्याच्या पातळीवरही तोच पेच आहे. बॅसगायथमध्ये स्वारांना सीमेवरच्या घडामोडी सांगण्याचा एक तास असतो. त्या तासाला प्रश्न विचारायला मुभा आहे, पण कोणती बातमी सांगायची हे आधीच ठरलेले असते. मने वाचण्याची शक्ती प्रकट झालेल्या स्वाराला या राज्यात थेट मृत्युदंड दिला जातो, आणि ते सर्वांना स्वाभाविक वाटते. राज्याचे दस्तऐवज लेखनिकांच्या ताब्यात आहेत, आणि लेखनिक काय जपतात आणि काय वगळतात हे सामान्य प्रजेला कधीच कळत नाही. याच्या समोर एक जुने, लहान पुस्तक आहे. वडिलांनी व्हायोलेटला लहानपणी वाचून दाखवलेल्या, अभ्यासक्रमात कुठेही नसलेल्या लोककथा त्यात आहेत. त्या कथांना मुलांच्या गोष्टी म्हणून सोडून देता येणार नाही हे तिला हळूहळू उमगते, आणि पहिल्या खंडाचा उत्तरार्ध त्या जाणिवेवर उभा आहे. त्याचा तपशील वाचकाने स्वतः गाठावा. अधिकृत इतिहास जे पुसतो ते लोकांच्या तोंडी टिकते, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

निवेदनाची रीतही या सूत्राशी जुळते. कथा बहुतांशी व्हायोलेट स्वतः सांगते आणि वर्तमानकाळात सांगते. त्यामुळे तिला जे ठाऊक नाही ते वाचकालाही ठाऊक नसते, आणि तिची फसगत वाचकाचीही होते. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एखाद्या नियमसंहितेतला, पत्रातला किंवा इतिहासग्रंथातला उतारा असतो. घाईत वाचणारे ते ओलांडून जातात, पण कथेतल्या अनेक उलगड्यांची बीजे तिथे पेरलेली असतात. सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट पुस्तक उघडताच येते. हा सारा मजकूर बॅसगायथच्या लेखनिक शाखेच्या जेसिनिया नीलवॉर्ट हिने नव्हारच्या भाषेतून उतरवला असल्याची नोंद तिथे आहे. जेसिनिया ही व्हायोलेटची मैत्रीण. ती बहिरी आहे, खुणांच्या भाषेत बोलते, आणि दस्तऐवजांशी इमान राखण्यासाठी पुढे मोठी जोखीम पत्करते. म्हणजे वाचकाच्या हातात जे आहे ते दडवण्याच्या राजवटीतून वाचवलेले कागद आहेत. पहिला खंड संपल्यावर त्या नोंदीकडे परत जावे.

मालिकेच्या उणिवाही सांगायला हव्यात. पात्रांची भाषा आजच्या अमेरिकन तरुणांची आहे. शिव्या, थट्टा, बोलण्याची ढब सारे एकविसाव्या शतकातले, आणि तलवारी-ड्रॅगनच्या जगात ते काहींना विसंगत वाटेल. झेडनच्या देखणेपणाची वर्णने पुन्हा पुन्हा येतात. दुसऱ्या खंडात कथानक काही ठिकाणी रेंगाळते. तिसऱ्यात नवी बेटे, नवी राज्ये आणि नवी नावे इतक्या वेगाने येतात की नकाशा जवळ ठेवून वाचावे लागते. जादूचे काही नियम गरज पडेल तेव्हाच कळतात. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतली काटेकोर, संथ, ध्यानस्थ भाषा ज्यांना प्रिय आहे त्यांना यारोस यांचा वेग आणि मोकळेपणा पचायला वेळ लागेल. त्यांनी ही मालिका वेगळ्या अपेक्षेने हाती घ्यावी. वाचकाला पान उलटायला लावण्याचे कसब, प्रसंगांची चुरस आणि प्रकरणाच्या शेवटी बसणारा धक्का यांत यारोस यांचा हात पक्का आहे, आणि त्या वेगात भावनेचे भान मात्र सुटत नाही.

वयाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. मुखपृष्ठावर ड्रॅगन आणि आत विद्यालय पाहून ही मुलांची पुस्तके असल्याचा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. मालिकेत शारीरिक प्रेमाची उघड आणि सविस्तर वर्णने आहेत, मृत्यू आणि छळ यांची दृश्ये आहेत, शोक आहे. ती प्रौढ वाचकांसाठीच लिहिली आहे. ‘हॅरी पॉटर’ संपवून पुढचे पुस्तक शोधणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना ‘एरागॉन’ द्यावे. ‘फोर्थ विंग’ त्यांनी मोठे झाल्यावर वाचावे.

प्रकाशनाच्या दृष्टीनेही मालिकेने काही पायंडे पाडले. ‘फोर्थ विंग’ हे एन्टँगल्ड प्रकाशनाच्या रेड टॉवर बुक्स या नव्या शाखेचे आरंभीचे पुस्तक होते. पहिल्या आवृत्तीच्या पानांच्या कडा काळ्या रंगवून त्यांवर ड्रॅगन उमटवले होते. वाचकांना ती कल्पना इतकी आवडली की रंगवलेल्या कडांच्या विशेष आवृत्त्यांची चढाओढ पुस्तक व्यवसायात सुरू झाली. तिसरा खंड आला तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनमधील कित्येक पुस्तकांच्या दुकानांनी मध्यरात्री दारे उघडली आणि वाचक रांगा लावून आले. मालिकेवर आधारित दूरचित्रवाणी मालिकेचे हक्क ॲमेझॉनच्या स्टुडिओने घेतले असून अभिनेता मायकेल बी. जॉर्डन यांची निर्मितीसंस्था त्यात सहभागी आहे. पुस्तक वाचणे ही तरुणांची सवय उरली नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या मध्यरात्रीच्या रांगांची दखल घ्यायला हवी.

खंड क्रमानेच वाचावेत. पहिला खंड व्हायोलेटचे महाविद्यालयातील पहिले वर्ष सांगतो, दुसरा त्याच्या पुढचे, आणि तिसऱ्यात कथा नव्हारच्या सीमा ओलांडते. प्रत्येक खंड पाचशे पानांच्या आसपास किंवा त्याहून मोठा आहे आणि शेवटी कथेला मोठी कलाटणी देऊन थांबतो, म्हणून पुढचा खंड हाताशी असावा. नावे सुरुवातीला अनोळखी वाटतात. पहिली शंभर पाने धीराने वाचली की विंगा, तुकड्या आणि हुद्दे अंगवळणी पडतात. ज्यांना प्रेमकथा आवडते पण अद्भुताचे वावडे आहे त्यांना ही मालिका ड्रॅगनपर्यंत नेईल. ज्यांना युद्धकथा आणि राजकारण आवडते पण प्रेमकथेचा कंटाळा आहे, त्यांना या कथेत प्रेम आणि राजकारण वेगळे काढता येत नाहीत हे दिसेल. दीर्घ आजाराशी झगडणाऱ्या वाचकाला इथे स्वतःसारखी एक नायिका भेटेल, आणि ती बरी न होताही जिंकते. तीन खंडांत राज्याचे बरेचसे असत्य उघड झाले आहे. आता ते ठाऊक असलेल्या माणसांनी एकमेकांशी आणि आपल्या ड्रॅगनांशी कसे वागायचे, याचा निवाडा उरलेल्या दोन खंडांकडे आहे.